निळ्या रंगावर ठेवलेला विश्वास

आत्या बेशुद्ध असल्याची तार कॉलेजच्या ऑफिसात आली, तेव्हा मी शरीरशास्त्राच्या तासाला होते. एस.टी.ने पौडला पोचले, तोवर सगळं संपलं होतं. साखर फार वाढली होती, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, शक्य नाही. रविवारीच नळी निळी आली होती...

आत्या पौडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतली, अबोल. मराठीतून विज्ञान ऐकलं ते तिच्याच तोंडून, भाकरी थापता थापता सांगितलेलं. उन्हात घाम येतो, थंडीत अंग कापतं, दोन्ही एकाच हट्टापायी: आतली ऊब ढळू द्यायची नाही. जेवल्यावर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. साखर उतरली की हात आवरतं, आणि यकृत साठवणीतली साखर काढतं. प्रत्येक बदलाची खबर आत पोचते, म्हणून तोल सावरतो. "माझ्यातला निरोप्या थकलाय," ती म्हणाली होती. "आता ते काम तुझं."

इंटरची परीक्षा संपल्यावर मी तिच्याकडे राहायला गेले. रोज सकाळी ती लघवीची झाकलेली बाटली आणून द्यायची. मी त्यातले थेंब निळ्या द्रावणात घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटेसारखा लाल झाला तर फार. मी सांगितलेल्या रंगावर डॉक्टर इन्सुलिन ठरवत. मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा नळी लालच होती. तुला अशी टाकून जाणार नाही, असं मी सांगितलं. थोड्याच दिवसांत नळी निळी येऊ लागली. डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं, मी ट्रंक भरली. पुढेही शनिवारी मुक्कामाला येऊन रविवारी सकाळी तपासत असे... निळी.

तेराव्यानंतर ठकी आली, शेळीचं दूध घालणारी धनगरीण. बराच वेळ दारात घुटमळली.

"ताई, बाटलीतलं माझं व्हतं. बाई म्हनल्या, न्हाईतर पोरगी हितंच कुजंल."

केवढा त्याग, असं नातेवाईक म्हणतात. आत्याने मला निरोप्या नेमलं आणि माझ्याच तोंडून डॉक्टरांना खोटा निरोप धाडला. राहायचं की जायचं, हे मी ठरवलं असतं. तिने ते मला ठरवू दिलं नाही. कॉलेजात आतल्या तोलाचा तोच धडा अजून चालू आहे. मी मान खाली घालून लिहून घेते.

गेल्या आठवड्यात तिची खोली आवरायला गेले. माझी बस सुटायची तेव्हा आत्या रस्त्याकडच्या खिडकीत ताठ उभी दिसायची, वळण येईपर्यंत हात हलवायची, आणि मी निर्धास्त व्हायची. त्या खिडकीच्या आत, बाहेरून दिसणार नाही असं, एक उंच स्टूल होतं. त्यावर घोंगडीची घडी, मधोमध दबलेली.

ती उभी नसायचीच.