पाचवं नाव

…तर ते ड्रोन हातभरही वर न जाता कोलांटी खाऊन पडलं आणि त्याची एक दांडी काडकन मोडली, इथवर काल सांगून झालं. आता मोडली कशी ते ऐका. त्याला चार पंखे असतात. दोन घड्याळाच्या काट्यांसारखे फिरणारे, दोन त्याच्या उलट. त्यांची अदलाबदल झाली की यंत्राचं डोकं फिरलंच म्हणून समजा. म्हणून उडवण्याआधी वाचायची यादी कार्यशाळेच्या भिंतीवर चिकटवलेली आहे, आणि तिच्यात तिसऱ्याच ओळीत पंखे आहेत. मग यादी न वाचता पंखे बसवले कोणी? जिने यादी लिहिली तिने! म्हणजे माझ्या नातीने, कॉलेजच्या ड्रोन-संघाच्या प्रमुखाने. "मीच लिहिलीय, मला काय वाचायची?" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मी तिथे कसा, तर डबा पोचवायला जातो आणि स्टुलावर बसून स्क्रू सांभाळतो. "आजोबा, चार नंबरचा द्या," म्हणतात. मी तीन नंबरचा देतो. आमचं बरं चाललंय.

घरात तिला भिंगरी म्हणतात. चालायला लागली तीच धावत. सहा वर्षांची असताना तिने माझा रेडिओ उघडून परत जोडला, तर दोन स्क्रू उरले. म्हणाली, "आजोबा, हे जास्तीचेच होते." रेडिओ आधीपेक्षा बरा वाजायला लागला, आता रागवायचं कुठल्या तोंडाने?

पण गेला आठवडाभर पोरीच्या पायाला चाकं लागली होती. ड्रोनच्या स्पर्धेत मैदानात संघातल्या सात जणांपैकी पाचच जणांना सोडणार. एकाची परीक्षा त्याच दिवशी, तो आपण होऊन गळला. उडवणारा, बॅटरीवाली, संगणकवाला आणि नकाशावाला ही चार नावं ठरलेली. उरली एक जागा आणि माणसं दोन, भिंगरी आणि मौनी. भिंगरीचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला कोण नेणार?

मौनी म्हणजे संघातली दुरुस्तीवाली मुलगी. दिवसाकाठी दहा शब्द बोलते, त्यातले चार "सरका जरा, उजेड अडतोय." त्या दिवशी दांडी मोडल्यावर बाकीचे चूक कोणाची यावर भांडत बसले. मौनीने जुनी दांडी उपटली, नवी लावली, तारांना डाग दिला आणि यंत्र उभं केलं. सतरा मिनिटं. स्पर्धेत दुरुस्तीला वीस मिळतात. घड्याळ भिंगरीच्याच हातात होतं. सगळे ओरडले, हिचा मात्र चेहरा पडला. मी म्हटलं, ही काय तऱ्हा?

घरी आल्यावर जेवताना चमचा ताटात आपटत राहिली. तिची आजी म्हणाली, "ताटाने काय घोडं मारलंय तुझं?"

माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, म्हणाला, "प्रमुख तू ना? मग स्वतःचं नाव पहिलं लिही आणि मोकळी हो. यात विचार कसला?"

"बाबा, तुम्ही गप्प बसा हो!"

उठली, गॅलरीत गेली, परत आली, पाणी ओतलं, प्यायलीच नाही. माझ्या औषधांच्या पाकिटावर पाच नावं लिहिली, पाचवं खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. मध्येच नकाशावाल्याच्या नावाभोवती गोल काढला. मी चष्म्यावरून पाहिलं तसं पाकीट उलटं केलं.

"त्याला वगळायचा विचार आहे काय गं?"

"नाही... म्हणजे, मनात येऊन गेलं. त्याच्याशिवाय चालणार नाही, मला माहितेय. मी चोर असल्यासारखं का बघताय?"

मी तिला आमच्या शाळेतली गोष्ट सांगितली. तपासणीला साहेब येणार म्हणून मास्तरांनी पाढे येणाऱ्यांना पुढे बसवलं, आम्हा गाळसाळांना मागे. साहेब आले आणि मागच्या दाराने आत शिरले! पहिला प्रश्न मलाच. सतराचा पाढा.

"मग?"

"मग काय, सतरा एके सतरा, आणि तिथेच मुक्काम."

हसली नाही. गोष्ट लागू पडते का, हे मलाही नक्की सांगता आलं नसतं, पण तोंडात आली की मला ठेवता येत नाही.

नावं देण्याच्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, तर संघाचे सर कागद पुढे ओढून बसलेले. भिंगरी उभी, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मौनी कोपऱ्यात पाठमोरी, तारा सोलत होती. सरांनी भिंगरीने दिलेली चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"अगं, यात तुझं नावच नाही! संघाची प्रमुख घरी आणि यंत्र मैदानात, लोकांना कसं दिसेल ते?"

मौनीचे हात थांबले. माझ्या मांडीवरचा डबा मी घट्ट धरला. आणि आमची भिंगरी एका दमात म्हणाली:

"दिसण्याचं राहू द्या सर. तिथे ते पडलं तर मी नुसती रडेन, ही उचलून उभं करेल. हिचंच नाव लिहा, आणि जरा लवकर लिहा, माझं मन अजून फिरू शकतं."