रिकाम्या गावातला कॅमेरा

टोरंटोतल्या ज्या कंपनीत मी तेव्हा होते, तिच्याकडे एका जपानी कंपनीचं काम आलं. भूकंप, त्सुनामी आणि पाठोपाठ अणुभट्टीचा अपघात, यामुळे तिकडचं एक गाव अख्खं रिकामं केलं होतं. काही वर्षं उलटली तरी माणसं विखुरलेलीच होती. जपानी कंपनीने घरटी एक टॅब्लेट दिला होता आणि त्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. गावाच्या सूचना, किरणोत्साराचे रोजचे आकडे, डॉक्टरांच्या वेळा, सगळं त्यात.

मी नागपूरची, राहायला टोरंटोतच, स्कारबरोला. आमच्या संध्याकाळी तिकडे सकाळ व्हायची, तेव्हा त्या जपानी कंपनीतल्या एका बाईंशी माझा कॉल असे.

पुढे लक्षात आलं, की आकडे फारसं कुणी बघत नाही. गावच्या मुख्य रस्त्यावर एक कॅमेरा होता. म्हातारी माणसं तेवढाच उघडून बसायची.

"रिकामा रस्ता काय बघायचा? काढून टाक, सर्व्हरवर उगाच लोड येतो," मॅनेजर म्हणाला. मलाही पटलं.

संध्याकाळच्या कॉलवर बाईंना तसं सांगितलं.

"काढू नका. माझे वडील बघतात."

"तुम्ही त्याच गावच्या?" इतके महिने बोलत होतो, पण मला हे ठाऊक नव्हतं.

"डावीकडे निळं शटर दिसतं ना? ते आमचं सायकलचं दुकान. वडील रोज चहा घेऊन टॅब्लेटसमोर बसतात. परवा रानडुक्कर शटरला घासून गेलं, तर केवढ्या शिव्या घातल्या त्याला! कितीतरी दिवसांनी एवढं बोलले."

मी मॅनेजरला हे जसंच्या तसं सांगितलं. "ओके, ठेव," म्हणाला. मग आम्ही कॅमेऱ्याचं बटण पहिल्याच पानावर, मोठं करून घेतलं.

एकदा बर्फामुळे शाळा बंद होती, मी घरूनच काम करत होते. लेक स्क्रीनवरचा तो रस्ता बघून म्हणाली, "आई, देअर्स नोबडी देअर."

"येतील गं," मी म्हटलं. खात्री मलाही नव्हती.

पुढे गावाचा काही भाग राहण्यासाठी खुला झाला. वडील लगेच परतले, एकटेच. बाई गेल्या नाहीत.

"आकडे ठीक आहेत, मला कळतं. पण मुलांना तिथे न्यायचा धीर होत नाही. वडील यावरून रुसलेत," त्या म्हणाल्या. आकडे दाखवणारं पान मीच लिहिलं होतं.

दुकान उघडलं. गिऱ्हाईक म्हणजे रस्त्याच्या कामावरचे मजूर, तेही पंक्चरपुरते. बाई कामाच्या मधे मधे कॅमेऱ्यात डोकावून शटर उघडलंय ना ते बघत.

काही महिन्यांनी कंत्राट संपलं आणि कॅमेराही बंद झाला. शेवटच्या कॉलवर मी वडिलांची चौकशी केली.

"खोकला आहे. शहरात या म्हटलं तर ऐकत नाहीत. आता दर शनिवारी मीच जाते गाडी घेऊन. मुलं घरीच असतात."

"बोलतात का तुमच्याशी?"

"परवा माझ्या गाडीच्या टायरमध्ये हवा भरून दिली," त्या म्हणाल्या.