मोटारीच्या पाटीवरचं इंग्रजी

मारेगावात बाबांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथे दुरुस्तीला येतात. इंग्रजी अक्षरं मी शाळेच्या आधी त्या मोटारींच्या पाट्यांवर शिकले. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता बाबा पाटीवर काय लिहिलंय ते विचारायचे, मी काहीतरी ठोकून द्यायची. बरोबर की चूक, ते त्यांनाही कळत नसे.

बारावीनंतर पुण्यातल्या एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. ती मिळाली तरच पुण्याला शिकायला जायचं, नाहीतर घरी बसायचं, असं ठरलेलं होतं. इंग्रजी निबंधाचा विषय होता, तुमच्या आयुष्यावर कशाचा इम्पॅक्ट झाला?

क्लासच्या सरांनी फळ्यावर वाक्य लिहून दिलं, 'हॅड अ डीप इम्पॅक्ट ऑन माय लाइफ'. 'ऑन' विसरायचं नाही, हे परत परत बजावलं. वाक्याची सुरुवात आपापली भरायची होती. मी बाबांचं दुकान आणि त्या पाट्या लिहिल्या. सरांनी कागद वाचून परत केला.

"इंग्रजी बरोबर आहे. पण दुकान कायले लिहून राह्यली? आजूबाजूले कोणी फास घेतला असंन, थे लिही. पुण्याले यवतमाळ तेवढंच माहीत आहे."

वर्गातल्या बऱ्याच जणांनी निबंधात काका मारले, मामा मारले. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणाचं शेत-वावर नव्हतं, त्यांनीही. मला भयंकर संताप आला. आमच्याकडे खरोखर मेलेल्यांची अशी विक्री मला बघवेना. मी दुकानच ठेवलं.

मुलाखतीत एका बाईंनी कौतुक केलं. मुलं 'इम्पॅक्ट ऑन' हा शब्दप्रयोग हमखास चुकवतात, तू अगदी अचूक वापरलास, म्हणाल्या. मग फार प्रेमानं विचारलं, घरात काही दुःखद घडलेलं नाही का? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांना जेवायला बोलावून ताटच वाढलं नव्हतं.

निवड झाली नाही. बाबांनी काहून म्हणून विचारलं. मी दुकानात बसून सगळं सांगितलं. ते तार गुंडाळत ऐकत होते.

"मंग मी मेलो असतो त तुयं काम झालं असतं काय, माय?"

ते चिडले नव्हते, टोमणाही मारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि खरं उत्तर 'हो' होतं. मी तारेचं दुसरं टोक धरलं.