शेवग्याच्या फांद्या

आमच्या फिरत्या दवाखान्यात औषधं नेहमी कमी पडायची, किस्से कधीच नाही! मी तिथला कंपाउंडर. दर मंगळवारी संस्थेची जीप अमरावतीहून निघायची आणि भातकुलीपुढच्या एका गावात थांबायची. सोबत डॉक्टर सुमतीबाई. पाच वर्षं आफ्रिकेतल्या खेड्यांत काम करून आलेल्या, आणि दोन वर्षांनी परत तिकडेच जाणाऱ्या.

पहिल्याच दिवशी बाईंनी गावाला बजावलं, "दोन वर्षांनी ही जीप येणार नाही!"

"मंग आमाले कोन पाहीन?" पुढे बसलेल्या गयाबाईंनी विचारलं.

"तुम्ही!"

*

गयाबाई म्हणजे बुद्धविहाराशेजारी राहणारी गावची सुईण. हात हलका, तोंड तिखट! गावात बाळं धनुर्वातानं जायची, म्हणून बाई उठता-बसता आफ्रिकेतले दाखले देत त्यांच्या मागे लागल्या. नाळ कापायचं ब्लेड उकळायचं? "तिकडच्या बाया उकळतात!" हात साबणानं धुवायचे? "तिकडच्या बाया धुतात!"

एक दिवस गयाबाई भडकल्या. "तिकडच्या बाया येवढ्या गुनाच्या, त तुमी इकडं काहून आल्या?"

पण पुढच्या मंगळवारी त्यांच्या चुलीवर पातेलं होतं आणि पातेल्यात ब्लेड उकळत होतं. आम्ही पाहिलं तशी त्यांनी वर झाकण ठेवलं.

*

माझ्या लाल मिक्श्चरवर गावाचा भारी जीव. बाईंनी मात्र फर्मान काढलं, अशक्त बायांनी बाटलीची वाट पाहायची नाही, दारात शेवगा लावायचा आणि पाला खायचा. खरं सांगतो, मला राग आला. पाला खाऊन भागलं तर कंपाउंडर कशाला?

"तिकडच्या बायानं किती लावले?" गयाबाईंचा लगेच प्रश्न.

"प्रत्येकीनं तीन."

पुढच्या मंगळवारी घरोघरी चार-चार फांद्या रोवलेल्या! आमची जीप उभी राहायची त्या जागेतसुद्धा! ड्रायव्हर कुरकुरला, तर गयाबाई म्हणाल्या, "गाडी तिकडं लावा भाऊ. तुमी जानार हाय, झाड राहीन!"

*

दुसरं वर्ष सरत आलं आणि पाटलांच्या सुनेचे दिवस भरले. तिचं पहिलं बाळ आठव्या दिवशी धनुर्वातानं गेलं होतं. मंगळवारीच कळा सुरू झाल्या. आम्ही धावत पोचलो, तर बाईंनी अंगणात खाट ओढली आणि बसल्या.

"मी आत जाणार नाही. गयाबाई करतील."

पाटलीणबाईंचा चेहरा पाहवत नव्हता. गयाबाई उंबऱ्याशी आल्या, तशी पाटलीणबाई जुन्या सवयीनं तांब्या घेऊन त्यांच्या वाटेवर पाणी शिंपडायला निघाल्या.

"पानी शिपडू नोका," गयाबाई कडाडल्या, "उकळा!"

पाटलीणबाई तांब्या घेऊन मुकाट्यानं चुलीकडे वळल्या. बाई खाटेवरून हलल्या नाहीत, पण पदराचं टोक त्यांनी पिळून पिळून पार चुरगाळलं होतं. तासाभरानं आतून रडणं ऐकू आलं आणि मी खुळ्यासारख्या टाळ्या वाजवल्या!

बाराव्या दिवशी बारशाला पाटलीणबाईंनी बाळ आणून सगळ्यांत आधी गयाबाईंच्या मांडीवर ठेवलं. आठवा दिवस टळेपर्यंतचा आठवडा आम्ही कसा काढला, ते आमचं आम्हाला माहीत.

*

बाई परत आफ्रिकेत गेल्या. जीप बंद झाली. मी मात्र मधूनमधून एसटीनं जायचो. एकदा बाईंचं पत्र आलं, ते घेऊन गेलो. विहाराच्या ओट्यावर सगळ्या बाया जमल्या आणि मी वाचायला लागलो.

"इथल्या बाया माझ्यावर चिडल्या आहेत. म्हणतात, उठता-बसता भातकुलीच्या बाया, भातकुलीच्या बाया! इथली म्हातारी सुईण तर रोज विचारते, ती गया हात किती वेळ धुते? तुम्ही दारात चार-चार शेवगे लावले हे सांगितलं, तर तिनं परवा सहा लावले..."

गयाबाई उठल्या. घरात जाऊन कोयता घेऊन आल्या.

"अहो, पत्र राहिलंय अजून! कुठं निघाल्या?"

"मंग वाचा," चालता चालताच त्या म्हणाल्या. "अदुगर रोवाले अजून तीन फांद्या तोडून आनतो!"