रक्ताची प्रत्यक्ष पाहणी

रक्ताचा कर्करोग झालेली बाई सरकारी मदतीला पात्र आहे की नाही, हे नेमके कोण ठरवते? या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघाले होते. पहिले उत्तर मिळाले ते असे.

“तुले कॅन्सर हाय? मंग दिसून काऊन नाही राह्यला?”

तालुक्याची कचेरी. लांब टेबलामागे निराधार योजनेची समिती. मधल्या खुर्चीत मोठी शेतीवाडी असलेले एक सदस्य. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. समोर आम्ही अर्जदार, रांगेत उभे. मी दवाखान्याचा अहवाल पुढे केला. त्यांनी तो उघडला नाही.

“डोक्यावरचा पदर काढ बरं.”

मी काढला.

“केस तं आले इचे! इस्त्रीची साडी, हातात घड्याळ, अन् म्हणे निराधार. तुमच्या लोकायले सारं फुकटच पायजे.”

टेबलामागचे हसले. रांगेतलेही हसले. मी पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि ‘धन्यवाद’ म्हणाले. होय, धन्यवाद. सोळा वर्षे विनाअनुदानित शाळेत मी मुलांना हेच शिकवले होते.

क्रमाने सांगते. आजारपणात शाळेने मला घरी बसवले. मी आधी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेले. डॉक्टरांनी यादी दाखवली. तीत रक्ताचे तीन आजार होते. माझा नव्हता. निराधार योजनेत कर्करोग बसतो, हे त्यांनीच सांगितले. मदत मंजूर झाली, तर दर महिन्याला अकोल्याला तपासणीसाठी जाता येणार होते. नाही झाली, तर रक्तात काय चालले आहे, हे कळण्याचा मार्ग बंद.

चूक माझी होती. आमच्या बौद्धवाड्यात कचेरीला धुतलेले, घडीचे कपडे घालूनच जातात. माझी आई जळगाव जामोदकडे लोकांच्या कपाशीत निंदायला जायची. पण दाखल्याला जाताना तिची साडी स्वच्छ असायची. म्हणायची, “मळके कपडे पाह्यले का दारातूनच हाकलतात, माय.”

कचेरीबाहेर माझी भावजय वच्छला थांबली होती. म्हणाली, “ताई, तुमी मास्तरीन बनून गेल्या तं कसं होईन? माही कामावरची साडी घाला. तोंडाले राख लावा थोडीशी. सरकारले रोग दिसला पायजे ना!”

आम्ही दोघी हसलो. आणि मी खरोखर तसे केले.

पुढच्या बैठकीला तिची साडी नेसले. केसांना तेल लावले नाही. चप्पल दाराबाहेर काढली. पाठ वाकवली. शाळेत मुलांची नाटके बसवायचे. अभिनय येत होता.

भाऊसाहेब खूश.

“हाव, आता दिसली ना बिमार! घ्या बे इचं नाव.”

कचेरीतल्या बाबूने नाव लिहिले.

“हात जोड अन् जाय.”

हात अर्धे वर आले. तिथेच थांबले. अहवाल तोच होता. रक्त तेच होते. त्यांना हवी तेवढी मी खाली आले होते, एवढाच काय तो बदल.

मी पाठ सरळ केली. म्हणाले, “मागच्या बैठकीत मी अपात्र का होते, ते मला लेखी द्या.”

भाऊसाहेब बाबूकडे वळले.

“मास्तरीन हाय वाटते. कापा इचं नाव.”

नाव कापले गेले.

याला शौर्य समजू नका. वच्छला रडत म्हणाली, “एक बार हात जोडले असते तं काय झडले असते का ताई?” तिचे काही चुकले नव्हते. त्या महिन्याची तपासणी बुडाली. पुढचीही बुडाली. आता रोज ताप येतो. कशाचा, ते मला माहीत नाही.

मी माहितीच्या अधिकारात पहिल्या बैठकीचे इतिवृत्त मागवले. माझ्या नावापुढे चारच शब्द होते: ‘प्रत्यक्ष पाहणीत सुदृढ. नामंजूर.’

मी अपील केले आहे. ते फेटाळले, तर त्याच्या वर करीन. निकाल माझ्या हयातीत लागेल, असे मला वाटत नाही. तरीही हात जोडून मिळणारी मंजुरी मी घेणार नाही. ते चार शब्द खोडले जाईपर्यंत अर्ज मागे घेणार नाही.

तुम्हाला एक विनंती. या योजनेचा शासननिर्णय मागवा आणि ओळ न ओळ वाचा. नुसत्या नजरेने रक्त तपासण्याचा अधिकार त्यात कुणाला दिला आहे का, ते पाहा. मला तो कुठेही सापडला नाही. पण माझ्या वाचण्यावर विसंबू नका. स्वतः तपासा.