रस्त्यावरचा बर्फ आणि बाबांचा प्रश्न

कुवेतला निघालो त्या सकाळी बाबांनी मला गावाखालच्या गरम कुंडावर अंघोळीला नेलं. कोकणातल्या आमच्या गावात जमिनीतूनच ऊन पाणी येतं आणि त्या कुंडाची देखभाल बाबांकडे. मी अंग पुसत होतो, ते कुंडाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाटातला पाला काढत होते. "तब्येतीला जप," एवढंच म्हणाले, तेही पाठमोरे. मला रागच आला. मुलगा परदेशी चाललाय आणि यांना पाटाची पडलीय.

कुवेतमधल्या बनेद अल-गार भागात राहून आता बारा वर्षं झाली. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की आम्ही घरातला गीझर बंद ठेवतो आणि त्यात निवलेलं पाणीच गार म्हणून वापरतो. अशा ठिकाणी बसून गेल्या वर्षी मी एका थंड देशातल्या रस्त्यावरचा बर्फ वितळवायचं ड्रॉइंग केलं. भूगर्भातलं ऊन पाणी रस्त्याखालच्या नळ्यांतून फिरवायचं, म्हणजे वर बर्फ साचत नाही. ऑफिसात बर्फ कुणीच पाहिलेला नव्हता. पण काम पसंत पडलं तरच आमचा सेक्शन राहणार होता. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, आणि मग बायकोमुलीसह गाशा गुंडाळायचा.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, रिव्ह्यू होता. शुक्रवारी सकाळी मी बाबांना व्हिडिओ कॉलवर ड्रॉइंग दाखवलं, जरा मिरवायलाच. त्यांनी चष्मा पुसून सगळं ऐकून घेतलं.

"अरे, पण बर्फाचं पाणी झालं की ते जाणार कुठे?"

मी ड्रॉइंग पुन्हा पाहिलं. रस्त्याच्या कडेला आम्ही एकही गटार दाखवलं नव्हतं. इथे सांडलेलं पाणी पुसायच्या आत वाळतं, त्याला वाट काढून द्यावी लागते हेच आम्ही सगळे विसरलो होतो. तिथे ते उताराला जाऊन पुन्हा गोठलं असतं आणि गाड्या घसरल्या असत्या. दोन दिवस खपून गटारं घातली, त्यांच्याखालूनही नळ्या नेल्या. रविवारी पहिला प्रश्न नेमका तोच आला, आणि माझ्याकडे उत्तर होतं.

सेक्शन राहिला. मुलगी त्याच शाळेत जाते. या देशाने मला पोटापाण्याला लावलं, त्याचे उपकार मी मानतोच. पण केलेलं काम आधी ज्यांना दाखवावंसं वाटतं, ते माझं घर, आणि ते अजून तिकडेच आहे.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'तपासणारा' अशी चौकट असते. तिथे साहेबांची सही आहे. बाबा, तुमचं नाव घालायला तिथे जागा नव्हती, म्हणून इथे लिहितो. तपासलं तुम्ही.