चर्चच्या तळघरातलं जग

लव्हॉन टॉलेफसन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दुपारी पोरांच्या ताटात मॅकरोनी वाढायची आणि भांडी घासता घासता डोक्यात राज्यं वसवायची. कुठल्या नदीला कधी पूर येतो, कुठल्या राजाची सून रुसून माहेरी जाऊन बसलीय, डोंगरातले बुटके मीठ कुठून आणतात, सगळं तिला तोंडपाठ. विस्कॉन्सिनच्या त्या एवढ्याशा गावात बाकीच्या बायका गोधड्या शिवत. हिने जग शिवलं. नाव ठेवलं ऑर्नडेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि ऑर्नडेलला रोज काही ना काही लागायचंच.

दर शनिवारी दुपारी ल्यूथरन चर्चच्या तळघरात तिघं-चौघं ऑर्नडेलचा खेळ खेळायला जमायची. प्रत्येकाने एकेक वीर घ्यायचा. लव्हॉनने सांगायचं, ‘समोर पूल आहे, पुलाखाली कुणीतरी घोरतंय,’ आणि पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं ते फासे सांगत. नियम म्हणाल तर एकच कडक होता. जिवावरचा फासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कॉफीच्या ट्रेमध्ये टाकायचा, आणि मेला तो मेला. रदबदली नाही. चीज फॅक्टरीतल्या धिप्पाड डेलमारने या ट्रेपायी कितीतरी वीर गमावले होते. एकाच्या वेळी तर तो बाहेर गाडीत जाऊन बसला आणि लाल डोळ्यांनी परत आला. सर्दी झालीय म्हणाला.

मग त्या हिवाळ्यात टीव्हीवर कुणीतरी सांगितलं की या खेळाने माणसं सैतानाच्या नादी लागतात. झालं! चर्चच्या महिला मंडळाच्या गेर्डा लुंडबाई तडक पास्टर ब्रेक्के यांच्याकडे गेल्या. ‘प्रभूच्या घराखाली हे चालतं, आणि कॉफीसुद्धा आपलीच पितात,’ म्हणाल्या. पास्टर म्हातारे आणि मितभाषी. अर्ध्या गावाला त्यांनी बाप्तिस्मा दिलेला आणि उरलेल्या अर्ध्याला मूठमाती. ते एवढंच म्हणाले, ‘शनिवारी येऊन बघतो. मग ठरवू.’

तळघर गेलं की खेळ गेला. लव्हॉनच्या घरात दोन माणसं समोरासमोर बसली तर गुडघे लागायचे, आणि खेळायला येणाऱ्या रोक्सॅनच्या नवऱ्याला घरात पाहुणा म्हणून मांजरसुद्धा चालत नसे. शनिवार गेला तर आठवड्यात उरतं काय? मॅकरोनी.

तो आठवडाभर ती ऑर्नडेलमधले सैतान वेचून काढत बसली. पडक्या गिरणीतल्या शिंगवाल्याची शिंगं काढली, तर तो नुसता चिडका गवळी दिसायला लागला. चेटकिणीची सुईण केली. तरी भीती काही जाईना. शाळेत तिने सूप खारट केलं, घरी वड्या करपवल्या.

शनिवारी पास्टर आले, बुटांवरचं बर्फ झटकलं आणि भिंतीकडेची खुर्ची ओढून बसले.

‘तिथे नाही हं, पास्टर,’ रोक्सॅन म्हणाली. ती गावातल्या बायकांचे केस कापायची, त्यामुळे तिला कुणाचीच भीती नव्हती. ‘इथे नुसतं बघायला कुणी बसत नाही. या असे टेबलाशी. हा घ्या तुमचा वीर. नाव काय ठेवता?’

पास्टरांनी विचार केला. ‘अँडर्स. शेतकरी माणूस आहे.’

‘शेतकरी? मग तलवार कशाला? नांगर देते,’ रोक्सॅन म्हणाली, आणि पास्टर चक्क हसले.

तासभर झकास गेला. अँडर्सने एका म्हातारीची गाय शोधून दिली, चिडक्या गवळ्याची समजूत घातली. लव्हॉनच्या खांद्यांवरचं ओझं जरा उतरलं. मग सगळे गिरणीच्या माळ्यावर चढले. तिथे एक पेटी होती.

‘मी पेटी उघडतो,’ पास्टर म्हणाले.

डेलमारचा घास तोंडातच राहिला. या टेबलावर आधी काठीने टोचल्याशिवाय पेटीला कुणी हात लावत नसे. घरात शिरताना चप्पल काढावी इतकी ती सवयीची गोष्ट. कुलपात हिरवी सुई होती. लव्हॉनने शिंगं काढली, शेपट्या काढल्या, पण सुई काढायचं तिच्या मनातही आलं नाही. तिच्या लेखी ती पेटीचाच भाग होती, बिजागरीसारखी.

‘पास्टर, आधी काठीने...’ डेलमार पुटपुटला.

‘उघडली की मी,’ पास्टर म्हणाले.

लव्हॉनने फासा पुढे सरकवला. ‘सुई टोचली तुम्हाला. हा वीस बाजूंचा फासा ट्रेमध्ये टाका. अकरा किंवा वर पाहिजे.’

फासा खडखडत गेला आणि कपाला आपटून थांबला.

‘चार,’ पास्टर म्हणाले. ‘चांगलं की वाईट?’

रोक्सॅन घाईघाईने म्हणाली, ‘झोपेचं औषध असेल ना गं सुईला, लव्हॉन?’

‘असतं, असतं,’ डेलमार म्हणाला. ‘मला आठवतंय. झोपेचंच.’

तसल्याच सुईने त्याचा तो लाडका वीर गेला होता, ज्याच्यासाठी तो गाडीत जाऊन बसला होता. आणि आज लव्हॉनचं तळघर वाचावं म्हणून तो खोटं बोलत होता. लव्हॉनला भडभडून आलं. एक शब्द बोलायचा होता, झोप. सगळ्यांनी मान डोलावली असती. पण मग डेलमारचा तो वीर कशाला मेला होता?

‘नाही,’ ती म्हणाली. ‘विष आहे. अँडर्स मेला, पास्टर.’

पास्टर उठले. सावकाश कोट चढवला, बटणं लावली. लव्हॉन टेबलाची कड धरून बसली. संपलं सगळं, तिला वाटलं.

‘आता त्याला पुरणार कोण?’ पास्टरांनी विचारलं.

‘अं?’

‘अँडर्सला. इथे याआधीही मेले असतील ना कुणी?’

‘बाप रे, कितीतरी!’ डेलमार म्हणाला. ‘लंगडा तोर्गिल, ती आंधळी ब्रिट, माझा हाल्वर...’ हाल्वरपाशी त्याचा आवाज बसला.

‘त्यांना कुठे पुरलं?’

लव्हॉनने देव घडवले होते, देवांची भांडणं आणि सोयरिकी घडवल्या होत्या. ‘कुठेच नाही,’ ती म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘पडले तिथेच. आम्ही पुढे जातो.’

‘प्रार्थना? दोन शब्द?’

तिने नकारार्थी मान हलवली.

पास्टरांनी टेबलावरच्या ऑर्नडेलच्या नकाशावर नजर फिरवली. मग त्यांनी कोटाची बटणं सोडली आणि खुर्ची पुढे ओढली. ‘गेर्डाला काय सांगायचं ते मी सांगेन. पण दफनभूमी नसलेलं गाव माझ्या चर्चखाली मी वसू देणार नाही. पेन्सिल दे इकडे. आणि आधी मला सांग, या अँडर्सच्या मागे रडणारं कुणी आहे का?’

लव्हॉनने पेन्सिल पुढे केली. ‘बहीण आहे,’ ती म्हणाली. त्या क्षणापर्यंत अँडर्सला बहीण नव्हती.